पुलाच्या डोक्यावर छप्पर कशाला?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत पानगळ बघायला गेलेली माणसं एक फोटो हमखास पाठवतात. लाल किंवा करड्या रंगाचं एक लांबलचक लाकडी घर, खालून नदी वाहतेय आणि घराच्या तोंडातून एक मोटार आत शिरतेय. हे घर म्हणजे पूल आहे, हे कळल्यावर बघणारा विचारतो: पुलाला भिंती आणि छप्पर कशाला?

बातम्यांत हे पूल येतात ते बहुधा वाईट कारणानं. कुठला पुरात गेला, कुठला कुणी पेटवला, कुठे उंच ट्रक घुसवून छपराची चौकट फोडली. मग भरपूर पैसा ओतून तोच पूल तिथेच, तसाच लाकडात पुन्हा बांधला जातो. त्यावर दुसरा प्रश्न येतो: हा हट्ट कशापायी? दोन्ही प्रश्नांचा उलगडा लाकूड आणि पाणी यांच्यातलं भांडण समजून घेतलं की होतो. सौंदर्य, जुन्या काळची ओढ वगैरे सगळं खरं आहे, पण ते नंतरचं. आधी हे एक अतिशय व्यवहारी बांधकाम आहे.

## छपराची कारणं, लोक सांगतात ती

घोडे पाणी बघून बिचकतात, म्हणून भिंती घातल्या, असं एक कारण सांगितलं जातं. वाटसरूंना पावसात आडोसा मिळावा, हे दुसरं. आडोसा मिळतो हे खरंच, पण निव्वळ आडोशासाठी शे-दोनशे फुटांचं छप्पर घालायला एकोणिसाव्या शतकातल्या शेतकरी गावांकडे पैसे नव्हते.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे बर्फ. पुलावर बर्फ साचू नये म्हणून छप्पर. हे तर अगदी उलटं आहे. त्या काळी हिवाळ्यातली वाहतूक घसरगाडीवर चालायची. चाकं काढून ठेवायची, गाडीला खाली घसरपट्ट्या लावायच्या आणि बर्फावरून ओढत न्यायची. रस्त्यावर बर्फ आणि पुलाच्या आत कोरडी फळी, म्हणजे घसरगाडी तिथे अडणार. म्हणून हिवाळ्यात फावड्यानं बर्फ आत टाकून पुलाच्या फळ्यांवर पसरायला माणसं लावावी लागत आणि गाव त्यांना मजुरी देई. छपरामुळे ही कटकट वाढणार हे ठाऊक असूनही लोकांनी छप्पर घातलं. ते घातलं पुलासाठी.

## पूल उभा असतो तो कशावर

ओढ्यावर एक जाड फळी टाकली आणि मधोमध उभं राहिलं, तर फळी वाकते. ओढा रुंद असेल तर फळी कितीही जाड घ्या, ती स्वतःच्या वजनानंच खाली झुकायला लागते. शिवाय दोनशे फूट लांब आणि एकसंध तुळई मिळेल असं झाड कुठून आणायचं? म्हणून सुतार छोट्या लाकडांची मिळून एक मोठी चौकट तयार करतात. इंजिनिअर तिला ट्रस म्हणतात, आपण कैची म्हणू. घराच्या पाख्यांखाली असते ती कैची तुम्ही पाहिलीच असेल.

कैचीचं मर्म त्रिकोणात आहे. टेबल डुगडुगायला लागलं की आपण दोन पायांमध्ये एक तिरकी पट्टी ठोकतो आणि ते घट्ट बसतं. चौकोन खिळखिळा होऊन तिरपा होऊ शकतो. त्रिकोणाला मात्र बाजू मोडल्याशिवाय आकार बदलता येत नाही. पुलाच्या कैचीत अशा तिरक्या पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत असतात. त्यांच्या वर एक लांब आडवी रांग असते आणि खाली एक. भार आला की वरची रांग दोन्हीकडून दाबली जाते आणि खालची ताणली जाते. हा दाब आणि ताण तिरक्या लाकडांतून वाटून घेत कैची सगळा भार दोन्ही काठांवरच्या दगडी ओट्यांवर नेऊन ठेवते.

या पुलांमध्ये कैच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात आणि रस्ता त्यांच्या मधून जातो. फोटोत आपल्याला जी भिंत दिसते, ती या कैचीवर बाहेरून ठोकलेली पातळ फळ्यांची पडदी असते. ती काढून टाकली तरी पूल उभा राहील, त्याच दिवशी तरी.

## लाकूड कुजतं म्हणजे काय होतं

लाकूड आपोआप म्हातारं होऊन मरत नाही, त्याला बुरशी खाते. बुरशीला जगायला हवा, ऊब आणि ओलावा तिन्ही लागतात. यातलं एक जरी काढून घेतलं तरी ती थांबते. नदीच्या तळाशी कायम पाण्यात बुडालेले लाकडी खांब शतकानुशतकं टिकतात, कारण तिथे हवा पोचत नाही. घराच्या आढ्याचं लाकूड टिकतं, कारण तिथे ओलावा नसतो. लाकडातल्या पाण्याचं वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहिलं, तर बुरशीला त्यात जम बसवता येत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास गेलं की तिचं फावतं.

उघड्या पुलाला पाऊस लागला की सगळं लाकूड भिजतं, पण सपाट फळी ऊन-वाऱ्यात सुकूनही जाते. घात होतो तो सांध्यात. एका लाकडाचं टोक तासून कुसू करायचं, दुसऱ्या लाकडात तेवढीच खाच पाडायची, कुसू खाचेत बसवून आरपार खुंटी ठोकायची, असा हा सांधा. सांध्याच्या फटीतून पाणी आत उतरतं. आत लाकडाचं कापलेलं टोक असतं, आणि झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी ज्या नळ्यांतून नेतं त्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात. ते टोक पाणी शोषून घेतं. ऊन तिथे पोचत नाही, वाराही नाही. बाहेरची फळी दुसऱ्या दिवशी कोरडी दिसते, आतला कुसू मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो. काही वर्षांनी तो सांधा उघडला तर आतलं लाकूड तपकिरी पडलेलं, आडवे-उभे तडे जाऊन लहान लहान चौकोनी ठोकळ्यांत फुटलेलं दिसतं. बोटांत धरून दाबलं की त्याची भुकटी होते. बाहेरून मात्र तुळई ठणठणीत दिसत असते.

सगळा पूल सांध्यांवरच उभा असतो. म्हणून उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत धोक्यात येई. त्याच कैचीवर छप्पर घातलं आणि बाजूंनी फळ्या मारल्या, की ती शंभर-दीडशे वर्षं चालते. वळचण भिंतीच्या बाहेर काढलेली असते, म्हणजे पागोळ्या कैचीपासून दूर पडतात. छपराची कौलवजा लाकडी पाती किंवा पत्रे खराब झाले तर काढून दुसरे बसवता येतात. कैचीचा सांधा बदलणं हे त्या मानानं फार अवघड काम. जे सहज बदलता येतं ते पावसाला द्यायचं आणि जे बदलता येत नाही ते कोरडं ठेवायचं, इतका साधा हिशेब यामागे आहे. छपराच्या सांगाड्यामुळे दोन्ही कैच्या वरून एकमेकींना बांधल्या जातात आणि वाऱ्यात पूल डुलत नाही, हा वरचा फायदा.

## फिलाडेल्फियातला सल्ला

ही युक्ती अमेरिकेत जन्मली असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्न गावचा छपराचा पूल चौदाव्या शतकातला आहे. ऑगस्ट 1993मध्ये त्याचा बराच भाग जळाला आणि तो पुन्हा उभा केला गेला. पण अमेरिकेत या पुलांची जी लाट आली, तिची सुरुवात फिलाडेल्फियात झाली असं मानतात. टिमथी पामर नावाच्या पूलबांधणाऱ्यानं तिथे स्कूलकिल नदीवर मोठा लाकडी पूल बांधला. तो 1805मध्ये पुरा झाला. बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड पीटर्स यांनी त्यावर छप्पर घालायचा आग्रह धरला आणि पामरनंही त्याला दुजोरा दिला. उघडा ठेवला तर हा पूल दहा-बारा वर्षांत जाईल आणि झाकला तर तीस-चाळीस वर्षं टिकेल, असा त्याचा अंदाज होता. अंदाज फारच सावध होता, हे पुढच्या पुलांनी दाखवून दिलं. न्यूयॉर्क राज्यातला हाइड हॉल पूल 1825चा आहे आणि अजून उभा आहे.

## गावच्या सुतारांना झेपेल अशी जाळी

त्या काळात कैच्यांचे वेगवेगळे नमुने निघाले आणि त्यांची पेटंटं घेतली गेली. थिओडोर बर यांनी कैचीला मोठी लाकडी कमान जोडली, तिचं पेटंट 1817चं. विल्यम हाउ यांनी 1840मध्ये उभ्या लाकडांच्या जागी लोखंडी सळ्या घातल्या. नट आवळून ढिला पडलेला पूल पुन्हा ताणता येईल अशी ती रचना होती. पण खेड्यापाड्यांत पूल पसरले ते इथिएल टाउन या वास्तुकाराच्या नमुन्यामुळे, असं मला वाटतं.

टाउननी 1820मध्ये पेटंट घेतलेली कैची म्हणजे फळ्यांची जाळी. एका दिशेला तिरक्या फळ्यांची रांग, तिच्यावर उलट्या दिशेची रांग. जिथे जिथे फळ्या एकमेकींना छेदतात तिथे आरपार भोकं पाडून ओकच्या गोल खुंट्या ठोकायच्या. कुसू नाही, खाच नाही, लोखंड जवळपास नाहीच. प्रचंड झाडं नकोत, सॉ मिलमधून निघणाऱ्या तीन-चार इंच जाडीच्या फळ्या पुरतात. ज्या गावात पूलबांधणीचा जाणकार कुणी नाही, तिथले धान्याची कोठारं बांधणारे सुतारही हे काम करू शकत. टाउन स्वतः पूल बांधायच्या फंदात फारसे पडले नाहीत. पुलाच्या लांबीनुसार फुटामागे ते मानधन घेत.

खुंट्यांकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे. दीड-दोन इंच व्यासाची खुंटी आधी खडखडीत वाळवतात आणि मग भोकात ठोकतात. ती भोवतालच्या फळ्यांमधला थोडासा ओलावा घेते, किंचित फुगते आणि भोकात अशी आवळून बसते, की पुढे शंभर वर्षं ती कुणाला उपसावी लागत नाही. लोखंडी खिळा इथे उलट त्रास देतो. थंडीत त्याच्यावर दव साचतं, तो गंजतो आणि भोवतालचं लाकूड कुजवतो. शिवाय जाळीला शेकडो सांधे असल्यानं दोन-चार फळ्या गेल्या तरी भार शेजारच्या फळ्या उचलतात. पूल कुरकुरतो, वाकतो, पण एकदम कोसळत नाही, दुरुस्तीला वेळ देतो.

## कॉर्निश आणि विंडसर यांच्यामधला पूल

कनेक्टिकट नदीच्या एका काठावर न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश आणि दुसऱ्या काठावर व्हरमाँटमधलं विंडसर. दोघांना जोडणारा छपराचा पूल 1866मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी बांधला. खर्च 9,000 डॉलर. लांबी साधारण 450 फूट, म्हणजे 137 मीटर, आणि नदीच्या मधोमध एकच दगडी खांब. म्हणजे काठापासून खांबापर्यंत दोनशेहून जास्त फूट लाकूड अधांतरी. या जागेवरचा हा चौथा पूल. पहिला 1796चा होता, आणि आधीच्या तिन्ही पुलांना नदीनं नेलं.

टास्कर आणि फ्लेचर यांनी टाउनची जाळीच वापरली, पण फळ्यांऐवजी जाड चौकोनी तुळया घेतल्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाचा पाडून त्या एकमेकींत बसवल्या. आत शिरलं की दोन्ही बाजूंना ही तिरक्या तुळयांची जाळी लांबवर गेलेली दिसते. फटींतून येणाऱ्या उजेडाचे पट्टे फळ्यांवर पडलेले असतात. प्रवेशाच्या चौकटीवर जुनी पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीनं जाणारे घोडे एका तालात पाय टाकतात. तालात पडणाऱ्या धक्क्यांनी लांब पूल झोके घ्यायला लागतो आणि सांधे ढिले होतात. सैनिकांची तुकडी पुलावरून जाताना कदमताल मोडते, त्याचंही कारण हेच.

हा पूल एका खासगी कंपनीनं टोल वसूल करण्यासाठी बांधला होता. न्यू हॅम्पशायर राज्यानं तो 1936मध्ये विकत घेतला आणि 1943मध्ये टोल बंद झाला. दोन राज्यांची हद्द नदीच्या पश्चिम काठालगत धरली जाते, त्यामुळे पुलाचा जवळजवळ सगळा भाग, आणि त्याची निगाही, न्यू हॅम्पशायरकडे आहे. आजही मोटारी त्यावरून जातात.

## लाकडाला औषध लावून भागलं नसतं का?

आज दाबाखाली लाकडात रसायन भरता येतं आणि त्यानं आयुष्य वाढतं. पण ही पद्धत रेल्वेचे स्लीपर आणि तारेचे खांब यांच्यासाठी पसरली तोवर या पुलांचा सुवर्णकाळ सरत आला होता. आजच्या हिशेबानंही रसायन लाकडाच्या बाहेरच्या थरातच नीट शिरतं, गाभ्यात फारसं पोचत नाही. कामाच्या जागी सुताराला एखादं भोक पाडावं लागलं की आतला कोरा गाभा उघडा पडतो, आणि पाणी शिरतं ते नेमकं तिथूनच. नवे लाकडी पूल बांधणारे इंजिनिअरही म्हणून आधी पाणी लाकडापासून लांब ठेवायचं बघतात आणि मग रसायनाचा विचार करतात.

छपराला विरोध अजिबात झाला नाही असंही नाही. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला हार्टलंड पूल जगातला सगळ्यांत लांब छपराचा पूल आहे, 391 मीटर. तो 1901मध्ये सुरू झाला तेव्हा उघडाच होता. 1920मध्ये नदीतल्या बर्फानं त्याचं नुकसान केलं आणि दुरुस्तीनंतर त्यावर छप्पर चढलं. त्या अंधाऱ्या बोगद्यात तरुण पोरापोरींची नीती बिघडेल, अशी काळजी तेव्हा काही जणांना वाटली होती, असं तिकडे सांगतात.

## पूर, आग आणि ट्रक

छप्पर पावसापासून वाचवतं. पुरापुढे त्याचं काही चालत नाही, किंबहुना फळ्या मारलेली भिंत पाण्याला आणि वाहत आलेल्या ओंडक्यांना आयती धडक द्यायला मिळते. व्हरमाँटमध्ये नोव्हेंबर 1927च्या पुरानं बाराशेहून जास्त पूल नेले, त्यात छपराचे बरेच होते. ऑगस्ट 2011मध्ये आयरिन वादळानं पुन्हा तसंच केलं. व्हरमाँटमधला 1870चा बार्टन्सव्हिल पूल पडतानाचं चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. ते नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. कैची मोडत नाही. एका टोकाखालची जमीन पाण्यानं खणून नेली आणि त्याबरोबर आख्खा पूल कलंडून पाण्यात गेला. लाकूड शाबूत, पाया गेला. असल्या पुलांच्या तपासणीत म्हणून छपराइतकंच लक्ष दगडी ओट्यांच्या तळाशी द्यावं लागतं.

त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइम पूल गेला. निकोलस पॉवर्स यांनी 1855मध्ये बांधलेल्या या पुलाचा गाळा मध्ये एकही खांब नसताना 210 फुटांचा होता. मोटारींसाठी तो कित्येक दशकांपूर्वीच बंद झालेला होता आणि त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान होता. गावानं पाठपुरावा केला आणि 2018मध्ये त्याच नमुन्याचा लाकडी पूल पुराच्या पातळीचा विचार करून आधीपेक्षा उंचावर बसवला गेला.

आगीचं दुःख जास्त बोचतं, कारण ती बहुतेकदा माणसानं लावलेली असते. आयोवा राज्यात मॅडिसन काउंटीतला 1883चा सीडर पूल 2002मध्ये पेटवला गेला. लोकांनी पुन्हा बांधला. 2017मध्ये तो दुसऱ्यांदा पेटवला गेला आणि लोकांनी पुन्हा बांधला. आता अशा पुलांवर कॅमेरे, आगीची सूचना देणाऱ्या वायर आणि लाकूड लवकर पेटू न देणारे लेप वापरतात.

ट्रकची गोष्ट अलीकडची. मोबाइलमधला नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, भाड्यानं घेतलेल्या सामानाच्या ट्रकचा चालक उंचीची पाटी वाचत नाही आणि छपराची चौकट घेऊन बाहेर पडतो. व्हरमाँटमधल्या लिंडन गावचा मिलर्स रन पूल असे धक्के वारंवार खातोय. या पुलांची उंची-रुंदी गवतानं भरलेली घोडागाडी जाईल अशी ठेवलेली होती, त्यामुळे आजच्या ट्रकला ती पुरत नाही.

## लाकडं बदलत गेलो तर तो जुना पूल कसा?

हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कॉर्निश-विंडसर पूल 1980च्या दशकापर्यंत बराच खाली झुकला होता. 1989मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्याची ताण सोसणारी खालची रांग चिकटवलेल्या थरांच्या नव्या लाकडांनी बदलली. पातळ लाकडं गोंदानं एकावर एक चिकटवून केलेल्या या तुळया लांबच लांब आणि मजबूत करता येतात. जुन्या पद्धतीच्या कारागिरांना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या लाकडाला जुन्या पद्धतीनं जोड द्या, कारखान्यातली तुळई घातली की पुलाचं मूळ रूप गेलं. न्यू हॅम्पशायरचे मिल्टन ग्रेटन आणि त्यांचा मुलगा आर्नल्ड यांनी बैल आणि दोर-कप्प्यांच्या मदतीनं पूल ओढून जागेवर बसवायची रीत विसाव्या शतकात जिवंत ठेवली. व्हरमाँटच्या वुडस्टॉक गावात मिल्टन ग्रेटन यांनी 1969मध्ये असा नवा पूल बसवला.

याच्या उलट टोकाला दुसरा उपाय असतो: पुलाखाली पोलादी तुळया सरकवायच्या, सगळा भार त्यांच्यावर द्यायचा आणि कैचीला नुसतं स्वतःचं वजन पेलत ठेवायचं. अवजड गाड्या बिनघोर जातात, पण कैची मग शोभेची वस्तू होते. तिच्यावर ताण नाही, म्हणून तिच्याकडे लक्षही नाही. माझा कौल चिकटवलेल्या तुळयांच्या बाजूनं आहे. त्यांनी कैची कामावर ठेवली. कैची ज्या कामासाठी उभी केली ते काम ती करत असेल, तर तिच्यातली दहा लाकडं नवी असली तरी तो पूल तोच आहे असं मी मानतो. अट एकच, जेवढं कुजलंय तेवढंच कापावं आणि चांगल्या लाकडाला हात लावू नये.

कायद्यानं मात्र हे इतकं सोपं नाही. ब्लेनहाइम पूल हुबेहूब पुन्हा उभा राहिला तरी राष्ट्रीय स्थळाचा मान त्याला राहिला नाही, कारण मूळ पूल वाहून गेला होता. चीनमध्ये वेगळा विचार दिसतो. तिथे फुजियान आणि झेजियांग प्रांतांतल्या डोंगराळ खेड्यांत लाकडी कमानींचे छपराचे पूल आहेत. त्यांच्यात बाकं असतात, देव्हारे असतात, आणि वरच्या घराचं वजनच खालच्या कमानीतले ओंडके दाबून एकमेकांत घट्ट धरतं. युनेस्कोनं 2009मध्ये तातडीनं जपायच्या यादीत घेतलं ते या पुलांना नव्हे, ते बांधायच्या कौशल्याला. सप्टेंबर 2016मध्ये मेरांती वादळाच्या पुरात ताइशुन काउंटीतले तीन जुने पूल वाहून गेले. गावकऱ्यांनी नदीकाठानं फिरून मोठे ओंडके शोधून आणले, आणि ओंडका कुठे बसतो हे सांगणारे मिस्त्री तिथे अजून होते म्हणून तेच लाकूड पुन्हा चढलं. हात उरले असतील तर लाकूड परत येतं. हे हात तयार करायचे तर मधूनमधून पूल उतरवून बांधायला मिळाला पाहिजे, हेही त्यातून ओघानंच येतं.

## काँक्रीटचा पूल स्वस्त पडला नसता का?

बांधताना बहुतेक वेळा पडतो, हे मान्य केलं पाहिजे. रुग्णवाहिका आणि दुधाचे टँकर जाणाऱ्या रस्त्यावर एकेरी, वजनाची मर्यादा असलेला पूल ठेवून भागत नाही, हेही खरं. अशा ठिकाणी शेजारी नवा पूल बांधून जुना पायी चालणाऱ्यांना देणं हाच शहाणपणा. पण काँक्रीट कायमचं असतं ही समजूत चुकीची आहे. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते काँक्रीटमध्ये झिरपतं, आतल्या सळ्या गंजतात आणि पुलाचा पृष्ठभाग काही दशकांत उखडून नवा करावा लागतो. दोघांनाही निगा लागतेच. लाकडी पुलाची निगा वारंवार आणि थोडी थोडी असते, काँक्रीटची उशिरा आणि एकदम येते. लहान गावाच्या तिजोरीला पहिली जास्त झेपते, पण ती दरवर्षी आठवणीनं करावी लागते. अमेरिकेत एकेकाळी असे हजारो पूल होते, आज हजारसुद्धा उरलेले नाहीत. पेनसिल्व्हेनियात दोनशेच्या आसपास, व्हरमाँटमध्ये शंभरच्या आसपास. केंद्र सरकारनं 1998मध्ये त्यांच्या जतनासाठी वेगळा निधी सुरू केला, तरी रोजची काळजी गावावरच आहे.

ती काळजी म्हणजे काय, ते पुलाच्या तोंडाशी वाकून पाहिलं की कळतं. मोटारींच्या चाकांबरोबर आलेली माती, वाळू आणि मीठ दोन्ही टोकांना, खालची रांग दगडी ओट्यावर जिथे टेकते तिथे, साचत जातं. वर छप्पर धडधाकट असतं, पण हा ओला ढीग लाकडाला चिकटून राहतो आणि कूज नेमकी तिथून सुरू होते. तपासणारा माणूस तिथे हातोडीनं ठोकून बघतो. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग तो टोकदार टोचा खुपसतो. चांगल्या लाकडात टोचा पाव इंचही जात नाही, खराब लाकडात मुठीपर्यंत शिरतो. शंका असली तर दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र लावतात आणि आकडा विसाच्या खाली आहे का बघतात. जुने पूलबांधणारे खालच्या रांगेखाली आणखी एक जाड लाकूड आडवं टाकत, ओलावा आलाच तर तो त्यानं खावा आणि कैची कोरडी राहावी म्हणून. ते लाकूड दर काही वर्षांनी बदलायचं, आणि मधल्या काळात झाडू घेऊन टोकाची माती काढून टाकायची.